सकाळच्या पहिल्या पाण्यातील शिसे: जुन्या इमारतीत ते कोठून येते आणि कसे शोधावे?

अबोली_दादर यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही दादर पश्चिमेला, साधारण सत्तर वर्षांपूर्वी बांधलेल्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात आम्ही दोघे, सासूबाई आणि अकरा महिन्यांची मुलगी आहोत. मुलीचे वजन अपेक्षेइतके वाढत नव्हते आणि हिमोग्लोबिनही कमी आढळले, म्हणून आमच्या डॉक्टरांनी इतर तपासण्यांबरोबर रक्तातील शिशाचे प्रमाणही पाहून घेतले. ते दर डेसिलिटरला ८.४ मायक्रोग्रॅम निघाले. ही पातळी औषध देण्याची नाही, परंतु शिसे कोठून येते ते शोधून ताबडतोब थांबवले पाहिजे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही स्वयंपाकघर नव्याने करून घेतले. ओट्यामागचे गंजलेले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) पाईप काढून तेथे सीपीव्हीसी या प्लास्टिकचे पाईप घातले आणि क्रोमचा मुलामा असलेल्या नव्या पितळी तोट्या बसवल्या. गच्चीवरील टाकीतून खाली येणारा मुख्य पाईप मात्र जुनाच आहे. प्यायच्या पाण्यासाठी आमच्याकडे यूव्हीचे, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारे यंत्र आहे. पण मुलीच्या दुधाच्या भुकटीसाठी सासूबाई यंत्रावर विसंबून राहत नाहीत. त्या पहाटे साडेपाचला उठतात, नळाचे पाणी थेट पातेल्यात घेतात आणि चांगले वीस मिनिटे उकळून थर्मासमध्ये भरून ठेवतात. त्या पाण्यावर मुलीचे दिवसभराचे दूध होते. सहाव्या महिन्यापासून हा क्रम सुरू आहे.

रक्ताचा अहवाल आल्यावर आम्ही घाबरून जलशुद्धीकरण यंत्राच्या एका विक्रेत्याला बोलावले. त्याने टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणारा मीटर पाण्यात बुडवला, त्यावर लिटरमागे ६८ मिलिग्रॅम असा आकडा आला. मग त्याने दोन पेल्यांत विजेच्या कांड्या सोडल्या. आमच्या नळाचे पाणी दोन मिनिटांत तपकिरी, गढूळ झाले आणि त्याच्या यंत्राचे पाणी तसेच स्वच्छ राहिले. हा गाळ म्हणजेच तुमच्या मुलीच्या पोटात जाणारे शिसे आहे, असे तो म्हणाला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही अजून पैसे दिलेले नाहीत.

माझे प्रश्न असे आहेत. महापालिकेच्या पाण्यात शिसे असू शकते का? ते उकळून जाते का? त्या विक्रेत्याने दाखवले ते खरे आहे का? आणि नेमकी तपासणी कोठे, कशी करून घ्यावी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

विश्लेषक यांचे उत्तर

अबोलीताई, मी तीस वर्षांहून अधिक काळ पाण्याच्या रासायनिक तपासणीचे काम केले आणि आता निवृत्त आहे. आधी विक्रेत्याचा विषय संपवतो, कारण त्याने तुमच्या घरातील वृद्ध बाईंना विनाकारण रडवले आहे. त्या कांड्यांमधील एक लोखंडाची असते. वीज सोडली की कांडीचेच लोखंड विरघळते आणि त्याचा तपकिरी साका तयार होतो. त्याच्या यंत्राच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे वीज वाहत नाही आणि साका होत नाही. तुम्ही त्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकले असते तर तेही पाणी तितकेच गढूळ झाले असते. या प्रयोगाचा शिशाशी काही संबंध नाही.

टीडीएस मीटरबद्दलही तेच. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम आहे आणि या मर्यादेत कोणतीही सवलत दिलेली नाही. समजा, तुमच्या पाण्यात त्याच्या पाचपट शिसे असले, तरी एकूण क्षारांत त्याची भर लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमची. अपूर्णांक न दाखवणाऱ्या मीटरवर ती दिसणे शक्यच नाही. ६८ हा आकडा पाण्यात क्षार कमी आहेत, म्हणजे ते मृदू आहे, एवढेच सांगतो.

आणि मृदुपणाची हीच गोष्ट आपल्या विषयात महत्त्वाची आहे. मुंबईचे पाणी भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, विहार आणि तुळशी या सात जलाशयांतून येते. ते पावसाचे, बेसॉल्टच्या खडकावर साठलेले, कमी क्षारांचे पाणी आहे. चवीला ते उत्तम, परंतु असे पाणी धातू विरघळवण्याच्या बाबतीत जड पाण्यापेक्षा अधिक तत्पर असते, कारण पाईपच्या आत क्षारांचा जो संरक्षक थर बसतो, तो अशा पाण्यात नीट बसत नाही. जलाशयात शिसे नसते, शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातही ते सहसा नसते; ते पाण्यात शिरते ते शेवटच्या काही मीटरांत, आपल्या इमारतीच्या आणि घराच्या जोडण्यांत. म्हणूनच महापालिकेचा अहवाल पूर्णपणे खरा असूनही एखाद्या घराच्या नळाला शिसे सापडू शकते. अमेरिकेतील फ्लिंट शहरात एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलून नदीचे पाणी घेतले गेले आणि त्यात पाईपची झीज रोखणारे फॉस्फेट घातले गेले नाही. त्या प्रकरणातही शिसे नदीतून आले नव्हते. ते रस्त्याखालच्या आणि घरांतल्या जुन्या पाईपांतून सुटले होते.

उकळण्याने जंतू मरतात. शिसे हा धातू आहे, तो वाफेबरोबर जात नाही. उलट पाणी आटते आणि शिसे तेवढेच राहते. एक लिटर पाणी वीस मिनिटे उकळून पाऊण लिटर उरले, तर लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमचे ४० होतात. यूव्हीचा किरण फक्त जंतूंवर काम करतो. तुरटी फिरवूनही विरघळलेले शिसे भरवशाने निघत नाही. तुमच्या सासूबाईंनी जंतूंच्या दृष्टीने जे केले ते अत्यंत योग्य होते, हे त्यांना अवश्य सांगा. मात्र पहाटेचे पहिले पाणी रात्रभर तोटीत आणि पाईपमध्ये उभे असते आणि नेमके तेच मुलीच्या वाट्याला येत होते.

आता तपासणी. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या, आणि त्या मान्यतेत पाण्यातील शिशाचा स्पष्ट समावेश असलेल्या प्रयोगशाळेकडे जा. आयसीपी-एमएस किंवा ग्राफाइट फर्नेसचे, म्हणजे धातूंचे अत्यल्प प्रमाण मोजणारे उपकरण वापरतात का आणि किती कमी प्रमाणापर्यंत मोजू शकतात, हे आधी विचारा. ‘०.०१ पेक्षा कमी’ एवढेच लिहून देणारी प्रयोगशाळा तुमच्या उपयोगाची नाही, कारण तुम्हाला आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे आहेत; लिटरमागे १ मायक्रोग्रॅमपर्यंत मोजणारी हवी. बाटल्या त्यांच्याकडूनच घ्या. रात्री भांडी आवरल्यावर नळ बंद करा आणि किमान सहा ते आठ तास घरात कोणताही नळ उघडू नका, फ्लशही ओढू नका. सकाळी तोटीची जाळी न काढता, नेहमी उघडता तेवढाच नळ उघडून पहिले एक लिटर पाणी थेंबही न सांडता बाटलीत घ्या. हा पहिला नमुना. मग तीन मिनिटे पाणी बादलीत सोडून दुसरा नमुना घ्या. तिसरा गच्चीवरील टाकीतून आणि चौथा बेसिनच्या नळाचा, तोही न सोडता, घ्या. पहिल्यात शिसे पुष्कळ आणि दुसऱ्यात कमी असेल तर दोष तोटीच्या आसपास आहे. दोन्हींत सारखेच असेल तर तो पाईपमध्ये किंवा त्याही मागे आहे. एकाच नमुन्याचा अहवाल हातात आला तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही, आणि पैसे वाया जातात ते बहुधा येथेच.

अहवाल येईपर्यंत मुलीसाठी बाटलीबंद पाणी किंवा आरओचे (सूक्ष्म पडद्यातून दाबाने गाळून क्षार काढणाऱ्या यंत्राचे) पाणी वापरा. मुंबईच्या पाण्यात क्षार काढण्यासाठी आरओची गरज नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओ वापरू नये असा आदेश दिला होता, तो याच कारणाने. परंतु आरओ शिसे बऱ्याच अंशी काढतो, म्हणून तात्पुरता उपाय म्हणून तो चालेल. आरओच्या पुढे पितळी तोटी मात्र लावू नका. ते पाणी इतके मृदू असते की पितळातून पुन्हा शिसे ओढून घेऊ शकते.

पाणीवाट यांचे उत्तर

मी स्थापत्य अभियंता आहे आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे करतो. वरील उत्तराशी मी सहमत आहे. केवळ जोडण्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘पाईप बदला’ असा सल्ला लगेच मिळतो आणि सोसायट्या लाखो रुपये चुकीच्या जागी घालतात.

दादर-माटुंग्याकडच्या त्या काळातील इमारतींत शिशाच्या चार-पाच जागा संभवतात. बीडाच्या मोठ्या पाईपांचे सांधे पूर्वी ताग ठोकून, वर वितळलेले शिसे ओतून बंद करत. त्या सांध्यांत पाण्याचा शिशाशी संपर्क फार थोडा येतो, त्यामुळे त्यांची चिंता शेवटी करावी. जीआय पाईपवरील जस्ताच्या मुलाम्यात पूर्वी थोडे शिसे अशुद्धी म्हणून असे आणि वर्षानुवर्षांच्या गंजात ते धरून राहते. जीआयच्या आट्यांवर प्लंबर सुताचा धागा आणि सफेदा लावत. सफेदा म्हणजे मुळात शिशाचेच संयुग. आज टेफ्लॉन टेप आहे, पण जुन्या आट्या उघडल्या की तो पांढरा, कडक झालेला थर अजूनही हाताला लागतो.

नव्या सामानातही शिसे येते. पितळ कातायला सोपे जावे म्हणून त्यात साधारण २ ते ३ टक्के शिसे घालतात. क्रोमचा मुलामा तोटीच्या बाहेरून असतो, आतून पाणी पितळालाच लागते. नवी तोटी सुरुवातीच्या आठवड्यांत आणि महिन्यांत सर्वाधिक शिसे सोडते. पाण्यासाठी वापरायच्या सुट्या भागांत सरासरी ०.२५ टक्क्यापेक्षा जास्त शिसे नको, असा नियम अमेरिकेत २०१४ पासून लागू आहे. आपल्याकडे दुकानात विचारल्याशिवाय हे कळत नाही. यूपीव्हीसी या प्लास्टिकच्या पाईपमध्ये शिशाची संयुगे स्थिरक (प्लास्टिक टिकवणारा घटक) म्हणून वापरण्याची पद्धत आपल्याकडे दीर्घकाळ होती. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये त्याविषयी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. तुम्ही घातलेल्या सीपीव्हीसीमध्ये सहसा कथिलाची संयुगे असतात, त्यामुळे तो पाईप माझ्या संशयितांच्या यादीत खाली आहे.

माझा खरा संशय दोन ठिकाणी आहे. जाड टाइल लावल्यावर पाईपचे तोंड भिंतीत आत राहते, म्हणून प्लंबर तोटीच्या मागे पितळी एक्स्टेन्शन निपल लावतो. कधी एक पुरत नाही तर दोन. हा तुकडा कोणी पाहत नाही आणि तो सर्वांत स्वस्त पितळाचा असतो. दुसरे म्हणजे जुना जीआय कापताना, हलवताना आतला गंज सुटतो आणि त्याचे कण पुढे तोटीच्या जाळीत अडकून बसतात. जाळी उघडून पांढऱ्या बशीत झटकून पाहा. पण ही जाळी नमुने घेतल्यानंतरच उघडा, आधी नको.

पहिले पाणी किती सोडायचे याचा हिशोब सोपा आहे. १५ मिलिमीटर व्यासाच्या पाईपमध्ये मीटरला पावणेदोनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी मावते. तुमच्या घरात शिरलेल्या पाईपची लांबी दहा मीटर धरली तरी दोन लिटरदेखील होत नाहीत. म्हणजे चार-पाच लिटर सोडले तर रात्रभर घरात उभे असलेले पाणी निघून जाते, आणि ते लादी पुसायला, झाडांना, भांड्यांच्या पहिल्या विसळण्याला वापरता येते. मे महिन्यात पाणीकपात असताना नळ उगाच सोडून ठेवा, असे मी कोणालाही सांगणार नाही. गीझरचे गरम पाणी मात्र स्वयंपाकाला घेऊ नका, कारण गरम पाण्यात शिसे अधिक विरघळते.

बालवैद्य यांचे उत्तर

मी ठाण्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. मुलीला न तपासता उपचार सांगणे योग्य नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांचाच सल्ला प्रमाण माना. काही गोष्टी मात्र लिहितो.

८.४ हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही आणि घाबरून जाण्यासारखाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ५ किंवा त्याहून अधिक पातळी असेल तर शिशाचा स्रोत शोधून बंद करावा; अमेरिकेत त्याच वर्षी मुलांसाठी संदर्भपातळी ३.५ ठरवण्यात आली. शिसे शरीराबाहेर काढणारी औषधे साधारणपणे ४५ आणि त्यापुढे विचारात घेतात. शिशाची कोणतीही पातळी निर्धोक म्हणून सिद्ध झालेली नाही. आणि तुम्ही या अनुभवात एकट्या नाही: युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात भारतातील सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात शिसे ५ च्या वर असल्याचा अंदाज मांडला होता. आपल्याकडे ही तपासणी फारशी केली जात नाही, एवढाच फरक. तुमच्या डॉक्टरांनी ती केली याचे मला फार समाधान वाटते.

पहिली तपासणी बोट टोचून केली असेल तर शिरेतून रक्त घेऊन ती पुन्हा करून घ्या, कारण बोटावरच्या धुळीतील शिसेही आकडा वाढवते. लहान मूल पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढांच्या चार ते पाचपट शोषून घेते, आणि शरीरात लोह व कॅल्शियम कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते. त्यामुळे हिमोग्लोबिनचा उपचार हा शिशावरचाही उपचार आहे. डॉक्टरांनी दिलेले लोहाचे औषध एकही दिवस चुकवू नका. वरच्या आहारात नाचणीचे सत्त्व, डाळ आणि वरून लिंबाचे दोन थेंब हे आपले नेहमीचे पदार्थ येथे खरोखर उपयोगी पडतात.

परंतु केवळ नळाकडे पाहू नका. नूतनीकरणात जुन्या खिडक्या-दारांचा रंग खरवडला होता का? भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग इतकी कडक झाली ती २०१७ च्या अखेरीस. सत्तर वर्षांच्या चौकटींवर त्याआधीचे अनेक थर असतात आणि रांगणारे मूल ती धूळ हातांवरून तोंडात नेते. घरात डोळ्यांना सुरमा घालतात का? देवघरात शेंदूर आहे का आणि तो मुलीच्या हाताला लागतो का? पारंपरिक शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड आहे. धातूंचे भस्म असलेली कोणती औषधे दिली आहेत का?

आणि एक प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सासूबाई ते पाणी कोणत्या पातेल्यात उकळतात?

अबोली_दादर (सात आठवड्यांनंतर)

आपल्या तिघांचे आभार कसे मानावेत, कळत नाही. सर्व तपशील देते, कारण तो दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल.

नमुन्यांचे आकडे लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये असे आले: स्वयंपाकघरातील पहिले लिटर ३४, तीन मिनिटांनंतरचे ३, गच्चीवरील टाकी १ पेक्षा कमी, बेसिन ७. प्लंबरला बोलावून तोटी काढली, तेव्हा मागे दोन पितळी एक्स्टेन्शन एकापुढे एक जोडलेली निघाली, जवळजवळ माझ्या मधल्या बोटाएवढ्या लांबीची. जाळी पांढऱ्या बशीत झटकली तर चहाच्या चुऱ्यासारखे तपकिरी कण पडले आणि त्यांत दोन-तीन करड्या, चकचकीत चकत्या होत्या. आम्ही नागदेवी स्ट्रीटवरून एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलची तोटी आणि त्याच धातूचा जोडतुकडा आणला. बसवल्यानंतर पंधरा दिवसांनी रात्रभर उभ्या राहिलेल्या पाण्याचा नमुना पुन्हा दिला, तो ४ आला.

पण बालवैद्य यांच्या शेवटच्या प्रश्नाने आम्ही हादरलो. सासूबाई पाणी पितळी पातेल्यात उकळत होत्या. त्यांच्या सासूबाईंचे ते पातेले. माझे यजमान लहान असताना त्यांचेही दूध त्यातच तापत असे. गेल्या वर्षी दारावर आलेल्या एका कल्हईवाल्याकडून त्याला नव्याने कल्हई करून घेतली होती. तीन मिनिटे सोडलेले पाणी, ज्यात आधी ३ मायक्रोग्रॅम आढळले होते, ते त्या पातेल्यात वीस मिनिटे उकळून तपासायला दिले. उत्तर २१ आले. तेच पाणी स्टीलच्या भांड्यात तेवढाच वेळ उकळले, तर ४.

खिडक्यांचा रंगही खरवडला होता. आता आम्ही झाडूने कोरडे झाडत नाही, रोज ओल्या फडक्याने चौकटी आणि लादी पुसतो, आणि रंगाचा नवा थर देऊन जुना झाकला आहे. शेंदूर डबीत बंद करून वर ठेवला. शिरेतून घेतलेल्या रक्ताचा पहिला आकडा ७.९ होता, सहा आठवड्यांनी काल आलेला ५.६ आहे. वजन दोनशे ग्रॅमने वाढले. सासूबाईंनी पातेले स्वतः धुऊन, पुसून, कापडात बांधून माळ्यावर ठेवले आणि आता सकाळी आधी बादली भरतात, मग स्टीलच्या पातेल्यात पाणी घेतात.

माझी शंका अशी की कल्हई तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मग ती वाईट कशी?

विश्लेषक

कल्हई वाईट नाही, अबोलीताई. खरी कल्हई शुद्ध कथिलाची असते: भांडे तापवून, नवसागर टाकून, कापसाने कथील पुसत नेतात आणि पितळ आतून रुप्यासारखे उजळते. तिनेच आंबट पदार्थांना पितळापासून दूर ठेवले. कथील महाग आहे आणि शिसे स्वस्त, तसेच शिसे मिसळल्यास मिश्रण कमी आचेवर वितळते; म्हणून काही जण त्यात शिसे मिसळतात. डोळ्यांना फरक दिसत नाही. नवी कल्हई करायची असेल तर कथिलाची कांडी स्वतः खात्रीच्या दुकानातून आणून द्या आणि कल्हईवाला ती आपल्यासमोर लावतो का ते पाहा. तोपर्यंत ते पातेले आठवण म्हणून राहू द्या.

बेसिनचे ७ मर्यादेच्या आत आहेत. पण युरोपात २०३६ पासून मर्यादा ५ वर येणार आहे आणि तुमच्या घरात लहान मूल आहे, तेव्हा दात घासताना पहिला तांब्या पाणी सोडून द्यावे.

पाणीवाट

तुमचा अहवाल सोसायटीच्या सभेत अवश्य ठेवा. टाकीचा नमुना १ पेक्षा कमी आला, म्हणजे इमारतीची टाकी दोषमुक्त आहे. तीन मिनिटांनंतरच्या नमुन्यातही ३ च आढळले, तेव्हा मुख्य पाईप बदलण्याची सध्या गरज नाही. प्रत्येक घराने आपली तोटी आणि तिच्यामागचा तुकडा पाहिला तर त्या खर्चाच्या लहानशा भागात काम होईल.

मंजिरी_लालबाग

मी हा संपूर्ण धागा वाचला. आम्ही चाळीत राहतो. सर्वांचा मिळून एकच नळ आहे, पहाटे पावणेपाच ते साडेसहा पाणी येते आणि आम्ही ते स्टीलच्या पिंपात भरून ठेवतो. माझ्या वहिनीला पाचवा महिना आहे. आमच्याकडे रात्रभर नळ बंद ठेवून नमुना घेण्याची पद्धत लागू पडेल का?

विश्लेषक

तुमच्याकडे ती अधिकच लागू पडते, मंजिरीताई. तुमचा पाईप बावीस तास तसाच राहतो, म्हणून पाणी आल्याबरोबर नळाखाली पहिली बाटली तुमची लागली पाहिजे. शेजाऱ्यांना आदल्या रात्री सांगून ठेवा. दुसरी बाटली पाचव्या बादलीनंतर भरा आणि तिसरी संध्याकाळी पिंपातून. अहवाल येईपर्यंत पहिल्या दोन बादल्या कपडे-भांड्यांना वापरून पिण्याचे पिंप नंतर भरावे.

बालवैद्य

मंजिरीताई, पूर्वी कधी शरीरात गेलेले शिसे हाडांत अनेक वर्षे साठून राहते, आणि गरोदरपणात हाडांतून कॅल्शियम निघते तसे तेही रक्तात उतरून बाळापर्यंत पोहोचते. आहारात कॅल्शियम पुरेसे असेल तर हे प्रमाण कमी राहते, म्हणून वहिनींनी डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात. दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत, त्यांत काही तासांचे अंतर ठेवावे. माती, खडू किंवा पाटीवरची पेन्सिल खाण्याची इच्छा होत असेल तर त्यांनी संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. आणि पिंपातून पाणी काढायचा तांब्या किंवा ओगराळे पितळेचे, कल्हई केलेले आहे का, तेवढे आजच पाहून घ्या.